एका वेळी एकानेच

गोदाक्कांनी परसातल्या ट्रॅम्पोलिनची जाळी लावली आणि त्या स्टुलावर बसल्या. सून चंद्रावरची नोकरी सोडून आल्यापासून हे रोजचंच होतं. तिथं राहून मृदुलाची हाडं पापडासारखी झाली होती. उड्यांनी ती भरतील, पण मूल होणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले होते.

आज मृदुला चढली आणि कापड एकदम ताठ झालं. "एका वेळी एकानेच उडी मारावी," ट्रॅम्पोलिन म्हणालं.

"आत्या, काठावरचा हात काढा. त्याला तुमच्या काळजाचे ठोके ऐकू येतायत."

गोदाक्कांनी हात काढला. ट्रॅम्पोलिन पुन्हा तेच म्हणालं.

"मांजर शिरलं असेल," म्हणत त्या वाकल्या. खाली नुसता पाचोळा होता.

"बिघडलंय मेलं," मृदुला वैतागली. "एकटी उभी आहे मी, आणि हे दोघं मोजतंय."

गोदाक्का वाकलेल्या तशाच थांबल्या. मग त्यांनी सावकाश जाळी उघडली आणि दोन्ही हात पुढे केले.

"उतर."

"अहो, अजून एकही उडी झाली नाही."

"नको होऊ दे," गोदाक्कांनी तिचा हात धरला. "दोन जीवांची बाई अशी उड्या मारते होय?"