बांधापलीकडचं रान

पोहे झाले, चहा झाला, मुलाचा पगारही विचारून झाला. मग घर बघायला आलेल्या मुलीच्या वडिलांनी, शहाजीरावांनी, पिशवीतून माती ऐकायचं कानयंत्र काढलं. "चला, आता तेवढं रान ऐकून घेऊ."

मुलाचे वडील उत्तमराव नाइलाजानं उठले. हल्ली सातबारा कुणी बघत नसे. मातीखाली किती जीव वळवळतात हे ऐकूनच लोक मुलगी देत. आधीची दोन स्थळं या रानातूनच परत गेली होती. दहा वर्षं तणनाशक मारून उत्तमरावांनी रान कसं आरशासारखं ठेवलं होतं.

केतकीनं, म्हणजे मुलीनंच, यंत्राची सळई मातीत खुपसली आणि डोळे मिटले. नवरा मुलगा सुयोग या पायावरून त्या पायावर होत राहिला.

"येतंय का काही ऐकू?" उत्तमरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"पाच-सहा गांडुळं आहेत. पण पळतायत."

"कालच तर आणून सोडलीत. रुळतील हळूहळू," उत्तमराव बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

केतकी गांडुळांच्या मागोमाग सळई खुपसत बांधापर्यंत गेली. तिथं तिचा चेहरा खुलला. तिनं यंत्र वडिलांच्या कानाला लावलं. शहाजीरावांनी ऐकता ऐकता मान वळवून बांधापलीकडं बघितलं.

"पलीकडचं रान कुणाचं?"

"त्या काशिनाथचं. आळशी माणूस! गवत बघा, कमरेएवढं."

शहाजीरावांनी घसा खाकरला. "त्यांच्याकडं कुणी लग्नाचं आहे का हो?"

 उत्तर सुयोगनंच दिलं.

"आहे की. माझ्याच वर्गात होता."