‘भ’ची गाठ

विजयमालेनं पाटी जमिनीवर ठेवली आणि ती दोन पावलं मागं सरली. मग जोतीराम गुरुजी पुढं आले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

“हा परत म झाला, बाळ. ‘भ’ला वर गाठ असते.”

त्यांनी फळ्यावर पुन्हा भ काढून दाखवला. विजयमालेनं थुंकी लावून पाटी पुसली, जीभ दातांत धरून गिरवलं. पुन्हा म.

लोकल बोर्डाच्या शाळेची ती एकच खोली. गुरुजी जातीनं महार. दुसरा मास्तर या गावात टिकेना, म्हणून गावानं त्यांना ठेवून घेतलं होतं. पण पोरांना शिवायचं नाही, पाटी हातात घ्यायची नाही, अशी बोली होती. छडीसुद्धा त्यांना दिलेली नव्हती.

महारवाड्यातली राही दाराबाहेर पायरीवर बसायची. तिचाही भ चुकला. गुरुजी बाहेर गेले, तिच्याजवळ उकिडवे बसले, तिचा हात धरून दोन-तीनदा गिरवून घेतला. मग राहीनं एकटीनं काढला. गाठीसकट.

विजयमाला दारातनं बघत होती.

“गुरुजी, तिचा हात धरताय. माझा का न्हाई धरत?”

खोलीत चाललेले पाढे थांबले.

“तुला येईल. फळ्याकडं नीट बघ.”

“न्हाई येत. तिला आला. मला का न्हाई शिकवत? मी काय केलंया?”

गुरुजींनी आत येऊन तिला पाटीपाशी बसायला सांगितलं. मग त्यांनी खडू ठेवला, हात धोतराला पुसले आणि तिच्यामागं येऊन बसले. तिच्या उजव्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला.

“हात सैल सोड. हां. आता वळायचं. ही झाली गाठ. आता खाली.”

पहिला भ वेडावाकडा आला. पुढचा बरा आला. त्यानंतर त्यांनी हात काढून घेतला तरी ती लिहीतच राहिली. पाटी भरली तेव्हा तिनं वर बघितलं. वर्गातलं कुणीच तिच्याकडं बघत नव्हतं. सगळे गुरुजींकडं बघत होते.

दुपार व्हायच्या आत गावभर झालं. आया आल्या आणि आपापली पोरं घेऊन गेल्या. विजयमालेची आत्या धोंडुबाई आली. तिनं भाचीला हाताला धरलं नाही. नुसतं पुढं घालून नेलं.

मागाहून हंबीरराव आले. विजयमालेचे वडील. पलटणीतनं हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले. गुरुजींना गावात ठेवून घेतलं होतं तेही त्यांच्याच शब्दावर. ते अंगणातच थांबले. पायरीवर राही तेवढी बसून होती.

“गुरुजी, आपली बोली काय झाली हुती?”

“ठाऊक आहे, हवालदारसाहेब.”

“मग?”

“ती विचारत होती, मी काय केलंय म्हणून. मला उत्तर सापडलं नाही.”

“मला सोताला काय वाटत न्हाई, गुरुजी. लढाईत एका ताटलीत जेवलोय आमी. कोन कुनाचा, कुनी इचारलं न्हाई. पर ती पलटण हुती. हितं मला भावकीत ऱ्हायचंय. उद्यापास्नं कुनाचीच पोरं येनार न्हाईत. तुमीच बोर्डाकडं बदली मागा.”

“आणि दुसरा मास्तर आला नाही तर?”

“ऱ्हाईल शाळा बंद. आदीबी हुतीच की.”

गुरुजींनी मान हलवली. कोपऱ्यातली छत्री घेतली. मग म्हणाले, “तिला भ आला आज.”

“आं?”

“भ. आला तिला. घरी गिरवून घ्या. नाहीतर विसरेल.”

हंबीरराव वळले आणि चालू लागले.

गुरुजींनी दाराला कडी घातली. राही पाटी पोटाशी धरून उठली.

“गुरुजी, उद्या कवा येऊ?”

गुरुजी कडीला कुलूप लावत राहिले.

हंबीरराव घरी पोचले तेव्हा परसात बायका गोळा झाल्या होत्या. न्हाणीच्या दगडावर विजयमाला ओल्या परकरानं उभी होती. डोक्यावरनं घागर ओतून झाली होती. तिची आई शालूबाई भिंतीला टेकून, तोंडाला पदर लावून उभी होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

धोंडुबाईनं चुलीतली राख मुठीत घेतली.

“कंचा हात धरला हुता गं त्यानं?”

विजयमालेनं डावा हात पुढं केला.

आत्या घासायला लागली. आधी राखेनं, मग दगडानं, मग पुन्हा राखेनं. मनगटापर्यंत कातडं लाल झालं. पोर रडली नाही. उजवा हात तिनं परकराच्या घोळात लपवला होता. मूठ गच्च आवळलेली.

हंबीररावांना दारातनं ओल्या परकराआडची ती मूठ दिसली. धोंडुबाईनं पुन्हा राखेत हात घातला, तसे ते पुढं झाले.

“बास झालं, आक्का,” ते म्हणाले. “समदं निघालं.”