तांबड्या पट्ट्या

थोरल्या लेकीला जुळं झालं त्या सालच्या नाताळाआधी दीर अग्येमांग घानामधल्या कुमासी शहरातल्या माझ्या भेटवस्तूंच्या दुकानात शिरला. “वहिनी, भाऊ जाऊन पंधरवडा नाही झाला आणि तुम्ही सणाच्या टोपल्या सजवताय? वर्षभर कुलूप लावा!” “डिसेंबर हुकला तर दुकानच बुडेल, भाऊजी.” “बघतोच,” म्हणत त्याने लाल फितींची सगळी रिळं उचलून नेली. शेजारची फळवाली हसली, “आता काय, केळीच्या सोपटाने बांधणार?” मी शोकसभेला नेसलेलं तांबडं कापड काढलं, आमच्यात दुखवट्याचा रंग तोच. त्याच्या टराटरा पट्ट्या फाडून टोपल्यांना बांधल्या. दुसऱ्या दिवशी दीर आला, पट्ट्या ओळखून दारातच थबकला, रिळं पुढे केली. “राहू द्या तुमच्याकडेच,” मी म्हटलं. “माझी प्रत्येक टोपली तुमच्या भावाचा दुखवटा पाळतेय.” माझा नवरा ओफोरी आठ डिसेंबरला सकाळी टोपली विणताना वारला.