बारा दिवसांचा अबोला

“आमच्या घरात लेकरावर कुणी हात उगारत नाही,” तारामतीबाई म्हणाल्या. “माझ्या मुलाला मी कधी चापट मारली नाही, अन् त्यानं त्याच्या मुलीला नाही. हे आधी लिहून घ्या.”

समुपदेशक तनुजा मॅडमनी ते लिहून घेतलं. नांदेडच्या बाजारातली, जिना चढून वर गेल्यावरची ती लहानशी खोली. दाराबाहेर बाकावर नऊ वर्षांची देविका तिच्या आईशेजारी, विनीताशेजारी बसली होती. आत तिची आजी तारामतीबाई आणि बाप आलोक. सात आठवडे झाले, देविका घरात एक शब्द बोलली नव्हती. शाळेत बोलायची, व्हॅनवाल्या काकांशी बोलायची. उंबऱ्याच्या आत आली की गप्प.

“मग चुकलं तर काय करता?”

“अबोला धरतो.” तारामतीबाईंच्या आवाजात थोडी ऐट होती. बत्तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. “रेणापूरला आमचे वडील निंबाच्या ओल्या फोकानं मारायचे. भावाच्या पाठीला मी तेल लावायची. तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात मार नाही. जेवण वेळेवर, वेणीफणी वेळेवर, कपड्याला इस्त्री. कशात कमी नाही. फक्त बोलायचं नाही. लेकरू आपणहून येतं, ‘चुकलं’ म्हणतं, पाया पडतं. संपलं.”

“घरातलं कुणीच बोलत नाही?”

“कुणीच नाही. एक जण बोललं तर त्याचा उपयोग काय?”

या वेळी काय झालं होतं ते आलोकनं सांगितलं. शाळेच्या डायरीत बाईंनी शेरा लिहिला होता आणि देविकानं त्याखाली आईची सही स्वतःच करून टाकली. दरवेळी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी ती यायची. या वेळी आलीच नाही. नवव्या दिवशी विनीताला राहवलं नाही, तिनंच हाक मारली. देविकानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा वहीत घातली.

“हट्टी आहे,” तारामतीबाई म्हणाल्या. “बाप असा नव्हता.”

“नव्हतो कसा?” आलोक हसला. “मॅडम, माझा बारा दिवसांचा रेकॉर्ड आहे. सहावीत होतो. आई विसरली असेल.”

“विसरते कशाला? न सांगता नदीवर पोहायला गेला होतास.”

“बारा दिवस काय करायचात तुम्ही?” मॅडमनी विचारलं.

“काय करणार. शाळा, अभ्यास.” तो अजून हसत होता. “आणि दुकानात जायचो. कोपऱ्यावर शिवमूर्ती वाण्याचं दुकान होतं. साखर काय भाव, म्हणून विचारायचो. मग शेंगदाणे. मग गूळ. तो सांगायचा. मग पुढच्या दुकानात जायचो.”

“घरी काही आणायचं असायचं?”

“नाही, नाही. घ्यायचं काहीच नसायचं.”

खाली रस्त्यावर एक ऑटोवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. आलोक ते ऐकत असल्यासारखा बसला. आता तो हसत नव्हता.

“विचारलं की माणूस बोलतो ना,” तो म्हणाला. “भाव तरी सांगतो.”

तारामतीबाईंना शिवमूर्ती आठवला. एकदा डाळ तोलता तोलता तो म्हणाला होता, “बाई, तुमचं पोरगं लई हुशार हाय. रोज येऊन भाव विचारून राहिलं. मोठा व्यापारी होतंय बघा.” ही गोष्ट त्यांनी माहेरी सांगितली होती, शाळेत सांगितली होती, आलोकच्या लग्नात व्याह्यांना सांगितली होती. दरवेळी सगळे हसले होते. त्याही हसल्या होत्या.

“मला का नाही सांगितलंस तेव्हा?” त्यांनी विचारलं.

“तू बोलत नव्हतीस, आई.”

तो रागानं बोलला नव्हता. नुसतं सांगत होता.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. देविकाला बोलायला लावू नका, तुम्ही मात्र तिच्याशी बोलत राहा, पुढच्या गुरुवारी या, एवढंच त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन तारामतीबाई बाकापुढं उभ्या राहिल्या. कितीतरी लेकरांकडून त्यांनी तो शब्द वदवून घेतला होता. स्वतःच्या तोंडातून तो नीट निघेना.

“देवू,” त्या म्हणाल्या, “माझं चुकलं, बाळा.”

विनीता उठून उभी राहिली आणि कुठं बघावं ते तिला कळेना. देविकानं आजीकडं बराच वेळ बघितलं. मग ती उठली, तिनं दारातल्या ढिगातून आजीच्या चपला शोधल्या, त्यांच्या पायापाशी सरळ मांडल्या आणि त्यांचा हात धरला.

जिन्यात उजेड कमी होता आणि तारामतीबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. देविका एक पायरी उतरायची, थांबायची, आजीचा पाय नीट टेकला की पुढची उतरायची. मागून आलोक आणि विनीता येत होते.

मध्येच तारामतीबाई थांबल्या.

“अजून किती पायऱ्या राहिल्या गं, देवू?”

मागून आलोकनं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

देविकानं आजीचा हात तीनदा दाबला.