गळ्यातली चंद्रकोर

पॉम्पेईत विणकराच्या दाराअलीकडे बाप थांबला. त्याने लेकीच्या गळ्यातली चांदीची चंद्रकोर सोडवली. "मागात अडकेल ही. मी सांभाळतो." मुलगी गुलाम नसल्याची ती खूण. नुमिसियाने आनंदाने मान वाकवली. वर्षभर विणकाम शिकायचं आणि घरी परतायचं, असं ठरलं होतं. विणकराने तिची बोटं वाकवून पाहिली, दात पाहिले. "पोरगी चलाख दिसते. कुणाची?" "माझ्या दासीची. घरातच जन्मली," बाप म्हणाला. वाटभर तो तिला हसवत आला होता. हीही थट्टाच वाटून ती खुदकन हसली. "बाबा, आईला सांगेन हं!" विणकराने बापाकडे रोखून पाहिलं. "बाबा?" "सगळ्यांनाच म्हणते ती. लाडावलीय जरा." नुमिसियाचं हसू विरलं. विणकर तिच्याकडे वळला. "नाव काय गं?" तिने तोंड उघडलं, तोच बाप घाईने म्हणाला, "नाव तुम्हीच ठेवा, मालक. आता ती तुमची."