एलिसिओची साक्ष

डेल्मरनं ट्रक आपल्या घराच्या अंगणात उभा केला, पण एलिसिओ लगेच उतरला नाही. रविवारी चर्चला जाताना घालायचा तो इस्त्रीचा पांढरा शर्ट म्हातारा घालून आला होता. मांडीवरची हॅट तो नुसती फिरवत बसला.

“फक्त झालं ते सांगा,” डेल्मर म्हणाला. “बाकी काही नको.”

वाटेत एलिसिओनं सगळं सांगितलंच होतं. त्याच्या बायकोला, छातीतल्या गाठीनं गेलेल्या ओफेलियाला, शेवटी शेवटी पाण्याचा घोटही सोसत नव्हता. तिच्या ओरडण्यानं शेजारची कुत्री भुंकत सुटायची. उशाशी यंत्र मात्र गुणगुणत चालू असायचं. गाठ जिरवतं म्हणून डेल्मरनं बनवलेलं, डेल्मरनंच विकलेलं. ऐकताना डेल्मरच्या हाताखाली स्टिअरिंग ओलं झालं होतं. तरी मनात तो एकच म्हणत होता, हेच सांग, अगदी असंच सांग.

डेल्मरची बायको नेडीन खिडकीपाशी पलंगावर पडली होती. छातीवरची पट्टी सकाळी बदललेली, ती पुन्हा भिजली होती. खोलीत जखमेचा वास भरून राहिला होता. तिचा उजवा हात काचेच्या तबकडीवर होता. तबकडीतून निघालेली तार अक्रोडाच्या लाकडाच्या खोक्यात जात होती आणि खोक्यावर जांभळा दिवा जळत होता. पुएब्लो शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून गाठ काढता येईल, पण याच आठवड्यात. नेडीन नको म्हणाली होती. आपल्या घरात यंत्र असताना परक्याच्या सुरीखाली कशाला जायचं?

डेल्मरनं तिच्यापुढे सगळं कबूल केलं होतं. आतली तारेची गुंडाळी जुन्या रेडिओतली आहे. कंपनांचे आकडे मनाला येतील ते टाकलेत. हे ज्ञान डोंगरावरच्या दिव्यांनी दिलं असं आपण गिऱ्हाइकांना सांगायचो, ते धडधडीत खोटं आहे. नेडीननं शांतपणे ऐकून घेतलं होतं. ते दिवे तिनं स्वतः पाहिले होते, त्याच्याही आधी. तेव्हा लग्न नवं होतं. ब्लांका डोंगराच्या पायथ्याशी तो ट्रकचं चाक बदलत होता आणि तिनंच त्याला वर बघ म्हटलं होतं. कड्याच्या वर दोन नारिंगी दिवे अधांतरी थांबले होते. मग ते सरळ वर निघून गेले. ते काय होतं हे डेल्मरला आजही सांगता येत नव्हतं, आणि बनवून सांगायला गेला असता तर तिला लगेच कळलं असतं. दिवे खरे, मग यंत्र खोटं कसं, एवढंच तिचं म्हणणं होतं. तू घाबरलायस म्हणून असं बोलतोस, असं म्हणून तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला होता.

म्हणून त्यानं एलिसिओला आणलं. त्याच्या तोंडून तरी तिला पटेल.

एलिसिओ खुर्चीच्या कडेवर बसला.

“हा तुम्हाला मला घाबरवायला घेऊन आलाय,” नेडीन म्हणाली. तिला धाप लागत होती. “घाबरवा, पण खरं सांगा. ओफेलियाचं शेवटी कसं होतं?”

एलिसिओनं खोक्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. डेल्मर दाराला टेकून उभा होता.

“झोपलेली असायची,” एलिसिओ म्हणाला. “लहान मुलासारखी. दुखणं असं नव्हतंच तिला.” “आम्ही यंत्र सुरू करायला उशीर केला, बाई. तुझं तसं नाही.”

नेडीननं डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या गेल्या.

डेल्मरनं म्हाताऱ्याला दंडाला धरून व्हरांड्यात आणलं. ती मरेल, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

एलिसिओनं दंड सोडवून घेतला नाही.

“ओफेलियाला डॉक्टरकडे जायचं होतं,” तो म्हणाला. “बॅग भरून दारात बसली होती ती. गाडीची किल्ली मीच लपवली.” मग म्हणाला, “पोरांनाही माहीत नाही हे.”

“मग आत चला. तिला सांगा.”

“तोंडातून निघत नाही रे.”

डेल्मरनं त्याचा दंड सोडला. तो आत गेला, यंत्राची भिंतीतली तार उपसली, नेडीनला पांघरुणात गुंडाळलं आणि उचललं. ती इतकी हलकी झाली असेल असं त्याला वाटलं नव्हतं, त्यानंच तो जास्त घाबरला. कूस बदलायला उचललं असावं असं तिला आधी वाटलं. उघडं दार दिसल्यावर तिला कळलं.

ती ओरडली नाही. “डेल्मर,” ती म्हणाली, “ते दिवे मला इथं शोधायला येतील.”

तो थांबला नाही. तेव्हा तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी पकडली. कुठून एवढा जोर आला कोण जाणे. ओढलं तर जखम उघडणार होती, पांघरुणावर लाल डाग उमटलाच होता. डेल्मरचे दोन्ही हात तिच्याखाली गुंतलेले. त्याला पुढेही जाता येईना, मागेही फिरता येईना. तो तिथंच उंबऱ्यावर उभा राहून रडायला लागला.

“एलिसिओ,” नेडीन म्हणाली, “तुम्ही सांगा ना ह्याला.”

एलिसिओनं हॅट कठड्यावर ठेवली. तो जवळ आला आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघता चौकटीवरची तिची बोटं एकेक करून सोडवू लागला.