जावयाच्या हातातला दोर

छप्पन साली हिमालयातून आलेल्या गुरुजींच्या कडा चढण्या-उतरण्याच्या शिकवणीत पास झालं, तर वनरक्षक लटारूचा फायदा सरळ होता: पायपीट बंद, कड्यावरच्या चौकीत बसून वणव्यावर नजर ठेवायची. आलापल्लीचं जंगल तुडवून त्याचे गुडघे केव्हाच संपले होते. शेवटची परीक्षा उतरण्याची. मधे पाय टेकायला जागा नाही, तिथे सगळं अंग दोरावर सोडायचं. वर कंबरेला दोर गुंडाळून धरणारा जोडीदार निघाला नेमका जावई मुखरू, तोही वनरक्षकच. लटारू कपारीत बोटं अडकवून तिथेच थांबला. "मामाजी, सावकाश अंग सोडा ना! मी धरून राह्यलो." "नाई जवाई. पोरीले लेकरू होईस्तोवर तुमच्या घरचं पाणी नाई पेत मी, मंग माहा भार तुमच्यावर कसा टाकू?" "पाणी नका पिऊ, पण खाली तं उतरा!" खालची मंडळी हसली, गुरुजी ओरडून दमले. शेवटी लटारूची बोटंच थकली आणि तो धाडकन सुटला. दोर मुखरूच्या मुठीतून सरसरत गेला आणि कसाबसा अडला. अधांतरी लटकलेल्या लटारूनं डोळे मिटले. कित्येक वर्षांनी गुडघ्यांवर कसलाच भार नव्हता. खाली उतरायची त्याला आता घाई नव्हती. गुरुजींनी पास केलं, चौकी लटारूला मिळाली. तळहात सोलले मुखरूचे. ऐन कापणीत त्याला विळा धरता येईना, तेव्हा सगळं धान एकटीनं कापलं लटारूच्या पोरीनं.